अंगाला लागणारी बाजू

लोकरीच्या दुकानात गेल्यावर बहुतेक जणी एकच करतात. गुंडी उचलायची, अंगठा आणि दोन बोटांत दाबायची, "मऊ आहे" म्हणायचं आणि रंग निवडायला लागायचं. माझी आई तसं करत नसे. ती गुंडी कानाखाली मानेला लावायची, जराशी घासायची आणि तशीच धरून थांबायची. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बघून परत आला तरी तिचं चाललेलंच असायचं. "स्वेटर काय बोटांत घालायचाय?" असं ती म्हणायची आणि मग कुठे रंगाची गोष्ट निघायची.

ती करत होती ते अगदी बरोबर होतं, हे मला विणायला लागल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं. बोटांची टोकं आणि तळहात यांची कातडी जाड असते. जी लोकर मानेला सहन होत नाही, ती तिथे टोचतच नाही. मान, पोट, दंड आणि कोपराच्या आतली बाजू इथली कातडी पातळ, आणि टोचणं कळतं ते तिथेच. आपण कापड निवडतो शरीराच्या सगळ्यात निबर भागाने आणि घालतो सगळ्यात नाजूक भागावर.

टोचतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा छडा १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात लागला. लोकरीवर जगणारा देश, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडणं साहजिकच होतं. संशोधक गार्न्सवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की हा खेळ तंतूंच्या टोकांचा आहे. कापडाच्या पृष्ठभागावर असंख्य तंतूंची टोकं बाहेर आलेली असतात. कापड अंगाला टेकलं की ही टोकं कातडीवर दाबली जातात. टोक बारीक असेल तर वाकतं आणि आडवं पडतं. जाड असेल तर वाकत नाही, ताठ उभं राहून कातडीत रुततं. साधारण ७५ मिलिग्रॅम वजनाइतका जोर पेलूनही टोक वाकलं नाही, तर कातडीखालचे वेदना सांगणारे मज्जातंतू जागे होतात. अशी बरीच टोकं एकाच वेळी रुतली की आपण म्हणतो, टोचतंय.

खराटा हातात धरणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. लांब, बारीक हीर अंगाला लागला तर वाकून जातो. तोच आखूड मोडून बुंध्याजवळचा जाड तुकडा राहिला की बोचतो. तंतूचं गणित हेच, फक्त फार कडक. तंतूची जाडी दुप्पट झाली की तो वाकवायला सोळापट जोर लागतो. बाहेर आलेलं टोक निम्मं आखूड झालं की चौपट. म्हणून पाच-सात मायक्रॉनचा फरक, जो डोळ्यांना दिसणारच नाही, मानेला लगेच कळतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उंबरठा साधारण तीस मायक्रॉनचा धरतात. त्याहून जाड तंतूंचं प्रमाण शंभरात पाचच्या वर गेलं की बहुतेकांना ते कापड टोचायला लागतं. सरासरीचा इथे फार उपयोग नाही. बाकीची पंचाण्णव टक्के लोकर कितीही तलम असली तरी त्या उरलेल्या पाचांनी स्वेटर कपाटात जाऊन पडतो.

"मला लोकरीची ॲलर्जी आहे" असं कितीतरी जण सांगतात. खरी ॲलर्जी क्वचित असते. बहुतेकांच्या वाट्याला जाड तंतूचा स्वेटर आलेला असतो, तोही घाम आलेल्या अंगावर. आणि घामाने कातडी मऊ पडली की टोचणं आणखी वाढतं. मुंबईत किंवा कोकणात लोकर नकोशी वाटते, त्याला उकाडा हे कारण आहेच, पण हेही आहे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण एकदा "ॲलर्जी" हा शिक्का बसला की माणूस पुन्हा कधी लोकर अंगाला लावून बघत नाही. लहानपणी शाळेच्या स्वेटरने मान लाल झाली, एवढ्यावर आयुष्यभराचा निकाल लागतो.

आपल्याकडची लोकर खरोखरच जाड आहे, हे मान्य करायला हवं. दख्खनी मेंढीचा तंतू तीसच्या बराच वर असतो आणि त्यात पोकळ, केसासारखे तंतूही मिसळलेले असतात. सोलापूर, सांगली, सातारा भागात धनगर मेंढ्या राखतात, सनगर त्या लोकरीची घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि ती घोंगडी चार-दोन पावसाळे सहज काढते. ती टोचते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की घोंगडी उघड्या अंगावर घ्यायची वस्तू नाहीच. धनगर ती डोक्यावरून खोळ करून घेतो, खाली सदरा असतो, पाऊस बाहेरच्या जाड तंतूंवरून ओघळतो. जाड तंतूच इथे कामाचा. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीची नाजूक शाल घेऊन माणदेशातल्या माळावर रात्र काढून दाखवावी.

आणि या जाड लोकरीतही एक मऊ जागा आहे. कोकराची पहिली कातरण निघते तिला जावळ म्हणतात, आणि जावळाची घोंगडी नेहमीच्या घोंगडीहून महाग असते. कोकराचा तंतू मुळात बारीक. शिवाय पहिल्यांदाच कातरलेल्या तंतूला एक टोक जन्मजात निमुळतं असतं, कात्री फक्त दुसऱ्या टोकाला लागलेली असते. पुढच्या प्रत्येक कातरणीत दोन्ही टोकं कापलेली, बोथट. म्हणजे तंतूमागे एक बोथट टोक कमी. मायक्रॉन मोजणारं यंत्र न बघितलेल्या माणसांनी हे हाताने ओळखलं होतं, त्याला वेगळा भाव ठरवला होता. मला याचं अप्रूप वाटतं.

सुताचं तसं नाही. कापसाचा तंतू बारा ते वीस मायक्रॉनच्या आसपास, चपटा आणि पीळ खाल्लेला. त्यामुळे सुती कापड लोकरीसारखं टोचत नाही, आणि आपल्या हवेत सुती बरं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो ते उगीच नाही. पण सुताची अडचण घामाची. हवेत नेहमीचा दमटपणा असताना शंभर ग्रॅम कोरडं सूत साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं. लोकर सोळाच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. सूत ओल घेतं, हसतमुखाने घेतं, पण घेतलेली सोडायला फार वेळ लावतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या पुलावर माणसांच्या पाठी बघाव्यात. भिजलेली बनियन पाठीला चिकटलेली असते, आणि ओल्या कातडीवर ओलं सूत घासतं तेव्हा कोरड्यापेक्षा जास्त घासतं. काखेत, मांडीत कातडी सोलवटते ती त्यामुळे.

इथे बनियनची वीण कामाला येते. मागावरचं कापड ताण्याबाण्याचं, उभा धागा आणि आडवा धागा. ते ताणलं की धाग्यालाच ताणावं लागतं. बनियन म्हणजे फाशात अडकवलेले फास. ती ताणली की आधी फास आपला आकार बदलतो, धागा नंतर ताणला जातो. म्हणून इलॅस्टिक नसतानाही बनियन अंगाबरोबर हलते. त्यातही प्रकार आहेत. टी-शर्टला असते ती साधी एकेरी वीण, जर्सी. सरळ बाजूला इंग्रजी व्हीसारख्या रांगा, उलट्या बाजूला बारक्या आडव्या कमानी. कडा कापली की गुंडाळी होते, तीच ही. आपल्या वडिलांच्या पिढीने घातलेली रेघांची बनियन म्हणजे रिब. एक सुलट, एक उलट. तिच्या उभ्या रेघा दिसतात त्या सुलट टाक्यांच्या. उलट टाके मधल्या खाचांत लपलेले असतात. रुंदीत ती जवळजवळ दुप्पट ताणते आणि परत येते. अंगाला टेकतात ते फक्त रेघांचे माथे, मधल्या खाचांतून हवा खेळते. घाम आला तरी सगळं कापड एकदम चिकटत नाही. तान्ह्या बाळांच्या चांगल्या झबल्यांना इंटरलॉक असतं. दोन रिब एकमेकींत गुंतवलेल्या, दोन्ही बाजू सारख्या गुळगुळीत, कडा न गुंडाळणारी वीण. जरा जाड, जरा महाग, ताण कमी. पण आत-बाहेर असा भेदच नाही.

एकदा घरातली जुनी बनियन उलटी करून खिडकीच्या उजेडात धरून बघा. पृष्ठभागावर लव दिसेल. ती धाग्यातून बाहेर आलेल्या तंतूंची. ती किती असेल हे कापसापेक्षा कताईवर ठरतं. कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकले की टोकंच कमी होतात; लेबलवर "कोम्ब्ड" लिहिलेलं असतं ते हे. धाग्याला पीळ जास्त दिला की लव आत दबते, पण धागा कडक होतो. पीळ कमी ठेवला की मऊ, पण लव बाहेर येते आणि काखेखाली गोळे धरतात. होजिअरीचं सूत मुद्दाम मागावरच्या सुतापेक्षा कमी पिळाचं काततात. तिरुप्पूरच्या कारखान्यांत या सगळ्याचा तोल सांभाळायचा असतो. वर आलेली लव एन्झाइमच्या धुलाईने खाऊन टाकण्याची पद्धतही आता सर्रास आहे. आणि दुकानात नव्या टी-शर्टवरून हात फिरवल्यावर लागतो तो रेशमी मऊपणा पुष्कळदा सॉफ्टनरचा असतो. पाच-सहा धुण्यांत तो निघून जातो, आणि मग खरं कापड भेटतं.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिलं झबलं आजोबांच्या जुन्या धोतराचं नाहीतर आजीच्या नेसून विरत आलेल्या लुगड्याचं शिवतात, यात मायेइतकंच शहाणपण आहे. शेकडो धुण्यांत खळ गेलेली असते, सैल टोकं झडून गेलेली असतात, सूत सैलावलेलं असतं. जे काही निघून जाणार होतं ते गेलेलं असतं. बाळाच्या अंगाला लागतं ते फसवणारं काही न उरलेलं कापड.

माझी भाची मेलबर्नला असते. तिच्या मुलाची कातडी जन्मापासून कोरडी, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे इसब. मी त्याच्यासाठी विणायला घेतलं तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, लोकर नको हं. फक्त कॉटन. इकडे सगळे तेच सांगतात." सगळे सांगतात ते चुकीचं म्हणता येत नाही. इसब असलेल्या कातडीला जाड लोकर हा त्रासच आहे, आणि डॉक्टर वर्षानुवर्षं लोकर टाळायला सांगत आले ते जाड लोकरीच्या अनुभवावरून. पण तिच्याच शहरातल्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि तो मी आधीच वाचला होता. तीन वर्षांच्या आतली ३९ मुलं, सगळ्यांना इसब. सहा आठवडे अतितलम मेरिनोचे कपडे, सहा आठवडे सुती. काहींना आधी हे, काहींना आधी ते. मेरिनोच्या काळात इसब कमी राहिलं. ३९ हा आकडा लहान आहे, आणि त्यावरून कुणी सुती कपडे फेकून द्यावेत असं मी म्हणणार नाही. पण "लोकर म्हणजे कातडीचा शत्रू" हे वाक्य त्यानंतर मला उच्चारवत नाही. तिथली लोकर साडेसतरा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक होती. तीसच्या उंबरठ्यापासून इतकी दूर, की टोचायला टोकच ताठ उभं राहत नाही. मग उरतो लोकरीचा दुसरा गुण, ओल मुरवून घेण्याचा. कातडीलगतची हवा ना दमट होते, ना फार कोरडी.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारते." विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले, बारीक मेरिनो असेल तर पोटाच्या एका भागावर आधी लावून बघा. माझ्या आईची मानेची परीक्षाच ती.

तिने तिथूनच मेरिनो पाठवली. गुंडीच्या कागदी पट्टीवर चक्क मायक्रॉन छापलेले होते. आपल्याकडच्या पट्टीवर काय असतं? वजन, रंगाचा नंबर, सुईचा नंबर, धुण्याच्या खुणा. आणि "बेबी वूल", "सॉफ्ट" असले शब्द. आत बहुधा ॲक्रिलिक असतं. ॲक्रिलिकला आपण सगळेच लोकर म्हणतो, दुकानदारही. ते बारीक कातता येतं, हाताला फार मऊ लागतं, टोचत नाही, स्वस्त आहे, मशीनमध्ये धुता येतं. शाळकरी मुलाच्या रोजच्या स्वेटरला मी ते खुशाल वापरते. पण ते ओल घेत नाही, शंभर ग्रॅमला जेमतेम दोन ग्रॅम. तान्हं बाळ झोपेत डोक्यातून घाम सोडतं. ॲक्रिलिकचं घट्ट विणलेलं टोपडं घालून झोपलेल्या बाळाचं जावळ ओलं आणि कपाळावर बारीक पुरळ, हे मी नातेवाइकांत कितीदा बघितलंय. आई-बाबा मग पावडर लावतात. टोपडं काढत नाहीत, कारण ते मऊ आहे ना.

आता पॉलिएस्टरलाही त्याचं देणं द्यायला हवं. माझा मुलगा पहाटे पळायला जातो तो जाळीदार विणीचा पॉलिएस्टर टी-शर्ट घालून, आणि घरी येईपर्यंत तो जवळजवळ वाळलेला असतो. तंतू पाणी पीत नाही, पण तंतूंच्या मधल्या फटींतून घाम कापडाच्या बाहेरच्या अंगाला ओढला जातो आणि जाळीच्या भोकांतून उडून जातो. तोच पॉलिएस्टर सपाट, घट्ट विणीत घेऊन ऑफिसचा शर्ट केला तर दुपारपर्यंत जीव नकोसा होतो. तंतू तोच. म्हणून कुणी मला नुसतं "कुठलं कापड चांगलं?" असं विचारलं की मी आधी विचारते, कुठे घालणार, आणि वीण कसली?

भाचीच्या मुलाच्या बंडीसाठी मी वीण ठरवायला जितका वेळ घेतला तितका रंगाला कधी घेतला नव्हता. सगळ्या ओळी सुलट घेतल्या तर आडव्या वळ्या पडतात, कापड जाड आणि उबदार होतं, दोन्ही बाजूंना हवेचे कप्पे राहतात. पण इसबाच्या जागी वळी घासू शकते. एक ओळ सुलट, एक उलट घेतली की बाहेरची बाजू गुळगुळीत आणि आतली कमानींची. विणणाऱ्या बाईला सुलट बाजूचा अभिमान असतो, तीच दाखवायची असते. मी ती आत ठेवली. गुळगुळीत बाजू कातडीला, कमानी बाहेर. दिसायला बंडी उलटी घातल्यासारखी दिसते, आणि भाचीच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "उलटी घातलीत का हो?" सुई पट्टीवर सांगितलेल्या दहा नंबरऐवजी नऊ घेतली (आपल्या सुयांत नंबर लहान तितकी सुई जाड), म्हणजे टाके थोडे सैल पडावेत. फार सैल केली असती तर एका धुण्यात आकार गेला असता. बाजूच्या शिवणी नकोत म्हणून गोल सुईवर खालपासून काखेपर्यंत सलग विणली. खांद्याची जोड टाळता येईना, ती बाहेरच्या बाजूला घेतली. मानेला आणि दंडाला एक सुलट एक उलटची पट्टी, पण टाके बंद करताना हात मुद्दाम ढिला ठेवला. बहुतेक हाताने विणलेल्या कपड्यांत काचतं ते इथे, शेवटच्या ओळीत. लोकर नामांकित असते, वीण देखणी असते, आणि शेवटी घाईने घट्ट बंद केलेले टाके बाळाच्या गळ्याला वळ उमटवतात.

नक्षी काढली नाही. दोन रंगांची नक्षी मला फार आवडते, पण तिच्या आतल्या बाजूला न वापरलेल्या रंगाचे धागे लोंबत जातात, आणि तान्ह्या बाळाची बोटं त्यांत अडकतात. मोज्यांत तर पायाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं. लहान मुलांचं विणकाम आधी आतून तपासावं, बाहेरून नंतर. बाजारातल्या कपड्यांनाही हेच. मानेमागची नायलॉनची लेबलं मी कापत नाही, उसवते. कापली की उरलेली कड लेबलापेक्षा जास्त बोचते.

बंडी त्याला चालली. पोटावरची परीक्षा झाली, मग थोडा वेळ, मग रात्रभर. इसब गेलं असं नाही, ते त्याच्या क्रीमने आणि डॉक्टरांच्या औषधाने आटोक्यात आहे. पण बंडीखालची कातडी लाल झाली नाही, आणि तो ती काढून टाकत नाही. सव्वा वर्षाचं मूल नको असलेलं काहीही अंगावर ठेवत नाही, तेव्हा त्याचा हा कौल मी खरा मानते.

आता मी पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराच्या मागे लागले आहे. "काका, मायक्रॉन किती ते लिहून मागवा ना कंपनीकडून." ते म्हणतात, "कोण विचारतंय ताई?" आम्ही विचारतोय. आमच्या विणकामाच्या गटातल्या सगळ्या जणी आता विचारतात. तंतू कुठला, त्यात खरी लोकर किती टक्के, ती किती मायक्रॉनची, धाग्याला पीळ कसा, एवढं त्या कागदी पट्टीवर सहज मावतं. "बेबी सॉफ्ट" लिहायला जेवढी जागा लागते, तेवढ्यातच. गेल्या महिन्यात काकांनी एका नव्या मेरिनोच्या लॉटवर स्वतःच पेनाने "१९.५" लिहून ठेवलं होतं. मी त्यातल्या चार गुंड्या मानेला लावून बघितल्या आणि घेतल्या.